हीटर नसलेल्या गाडीतली ऊब

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचत आले आहे, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. एखादा अनुभव वाचून संपला की शेजारी बसलेल्या नवऱ्याला विचारायचं, "यात काय झालं असेल, सांगू?" आणि दोघांनी मिळून त्याचं सरळसाधं कारण शोधून काढायचं, हा आमचा जेवणानंतरचा खेळ. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, नंतर डोळे तपासण्याचा कोर्स केला. अंगात येणं, नजर लागणं, वाईट जागा... यातलं काहीच मला कधी पटलं नाही. आजही मी "भूत होतं" असं म्हणत नाहीये. जे घडलं ते लिहिते. यावेळी कारण तुम्ही शोधा, कारण आम्हा दोघांना ते सापडलेलं नाही.

राजुऱ्याला आमचं चष्म्याचं दुकान आहे. मी डोळे तपासते, आणि आमचे हे – सुधाकर – काचा घासतात, फ्रेम बसवतात. काही वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेची जुनी मिनीबस विकत घेतली. आतली बाकं काढून टाकली. मागच्या बाजूला समोरासमोर दोन बर्थ, मधे पाऊलभर वाट, मग छोटा ओटा, काचा घासायचं मशीन, आणि पुढे अक्षरांचा तक्ता. तेव्हापासून महिन्यातले काही दिवस आम्ही गडचिरोलीकडचे आठवडी बाजार करतो. मुलचेऱ्याच्या बाजूने सुरू करायचं आणि फिरत फिरत धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावांपर्यंत जायचं. गाडीतच स्वयंपाक, गाडीतच झोप. राजुऱ्याच्या दुकानात बसून मला जे मिळत नाही ते या गाडीत मिळतं. चारोळी निवडणाऱ्या एखाद्या म्हातारीला नंबरचा चष्मा लावला आणि ती स्वतःच्याच हाताकडे नवलाने बघत बसली, की मी भरून पावते.

मागच्या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला. बरी झाले, पण छातीत काहीतरी राहून गेलं. जरा गारवा लागला की खोकला सुरू, आणि एकदा सुरू झाला की अर्धी रात्र जायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं – एकतर गाडीत झोपणं बंद करा, नाहीतर गाडी आतून गरम राहील असं काहीतरी करा. गाडी बंद करणं तर दोघांनाही नको होतं. यांनी घरी येतायेता एवढंच म्हटलं, "पाहू. हीटर बसवून टाकू."

तुम्ही चंद्रपूरकडचे असाल तर तुम्हाला आत्ताच हसू आलं असेल. आमच्याकडे मे महिन्यात नळाचं पाणी चटके देतं, आणि हे गॅरेजमध्ये जाऊन विचारणार, गाडीत हीटर बसवून मिळेल का! दोन ठिकाणी तर लोकांना वाटलं की यांना एसीच म्हणायचंय. पण डिसेंबरात धानोऱ्याकडे जो राहिला आहे त्याला विचारा. पत्र्याची गाडी, खाली मोकळी जमीन, वर उघडं आभाळ... पहाटे आतल्या पत्र्याला हात लावला तर दव लागतं.

शेवटी चंद्रपूरला रहमानभाई भेटले. ते गाड्यांच्या बॉड्या बांधतात. ते हसले नाहीत, खुर्ची दिली. यांच्या डोक्यात तेव्हा लाकडाची शेगडी होती – मोबाईलवर बघितलेली, छतातून धुराडं बाहेर काढलेली. रहमानभाई म्हणाले, ठिणगी उडून जंगल पेटलं तर तुम्ही आणि मी दोघेही आत जाऊ. कोळशाच्या सिगडीचं नाव मीच काढू दिलं नाही. बंद खोलीत सिगडी घेऊन झोपलेली आणि सकाळी न उठलेली माणसं आमच्या भागात सगळ्यांनाच ऐकून माहीत आहेत. विजेचा हीटर गाडीच्या बॅटऱ्या तासाभरात पिऊन टाकेल. उरले दोन. एक गॅसचा – स्वस्त, लगेच मिळणारा, पण आतली हवा खाणारा, ओल धरणारा, आणि कुठे गळला तर कळणारही नाही असा. दुसरा डिझेलचा – तो गाडीच्या टाकीतूनच थेंब थेंब डिझेल घेतो, बंद डब्यात जाळतो, हवा खालून घेतो आणि धूर खालीच सोडतो. आत येते ती फक्त गरम हवा. महाग होता, दिल्लीहून मागवावा लागणार होता, पण यांना तोच आवडला. त्यातही लहान-मोठा असे दोन होते. रहमानभाई म्हणाले, "भाभी, तुम्ही जिथे झोपता तिथे पहाटे गाडीत किती थंडी पडते ते एकदा बघून या. उगाच मोठा कशाला घ्यायचा?"

म्हणून ती फेरी. यांनी गाडीत माझ्या उशाजवळ एक थर्मामीटर लावला – रात्रीत पारा सर्वांत खाली कुठवर गेला ते लक्षात ठेवणारा. माझ्यासाठी दोन रजया, कानटोपी, गरम पाण्याची पिशवी. यांना एकट्यानेच जायचं होतं, पण डोळे मी तपासते. मी नसेन तर हे चष्मा कशाच्या आधारावर बनवणार? आम्ही दोघंही गेलो.

गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं आमची ओळखीची आहेत. धानोऱ्याहून आत, डांबरी रस्ता संपल्यावर. एरवी आम्ही शाळेच्या आवारात गाडी लावतो. त्यावेळी तिथे कबड्डीचे सामने होते, मांडव घातलेला, भोंगा लावलेला. म्हणून आम्ही गावाबाहेर पुढे गेलो. ओढ्यावरची एक छोटी मोरी ओलांडली की डाव्या हाताला एक सपाट, टणक मैदान आहे. बाजूला धान कापून झालेल्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, जवळच हापशी. जागा बघताच हे म्हणाले, "एवढी चांगली जागा, अन् आजवर दिसली नाई आपल्याले." मलाही तसंच वाटलं. खरंतर तेव्हाच मनात यायला हवं होतं – सुगीचे दिवस, आजूबाजूला सगळ्यांच्या कापलेल्या धानाचे ढीग, म्हणजे पुंजणी, लागलेली, आणि एवढ्या सपाट जागेवर एकही पुंजणं नव्हतं.

संध्याकाळी खिचडी केली. जेवता जेवताच मला खोकल्याची उबळ आली. ती आली की डोळ्यांत पाणी येतं, बोलता येत नाही. हे समोरच्या बर्थच्या कडेला बसून माझ्याकडे नुसते बघत राहिले. पाणी दिलं, पाठ चोळली. मग आम्ही झोपलो.

सकाळी जाग आली ती उकडून. कानटोपी पडलेली, एक रजई मी झोपेतच ढकलून दिलेली. काचा आतून इतक्या धुरकटलेल्या की बाहेरचं काही दिसेना. मी हाताने पुसून बघितलं – बाहेर बांध्यांवर पांढरं धुकं, हापशीवर पाणी भरायला आलेल्या बायका डोक्यावरून शाल घेतलेल्या. थर्मामीटर बघितला. रात्रभरात पारा तेवीसच्या खाली उतरलाच नव्हता. मुख्य म्हणजे मी खोकले नव्हते. कित्येक महिन्यांनी मी एका झोपेत सकाळ बघितली होती.

मी यांना हाक मारली, "अहो, हीटर कशाले पाह्यजे आपल्याले?" हे आधीच उठून बसले होते. स्वेटर, त्यावर जॅकेट, पायांत मोजे. म्हणाले, "चांगलं झालं ना मग." मला वाटलं, बाहेर जाऊन आले असतील.

त्या दिवशी मी कारणं शोधली, सवयीप्रमाणे. जमीन दिवसा तापली असेल. गाडीखाली धानाचं ओलं तणस कुजत असेल, कुजताना ऊब येतेच. वाकून बघितलं – स्वच्छ, कोरडी जमीन. दोन माणसांच्या श्वासाने, अंगाने गाडी गरम होते हे खरं, पण मग ती इतर गावांत का नाही झाली? थर्मामीटर बिघडला म्हणावं तर मला घाम आलेला होता. म्हटलं असू दे. छान झोप लागली तर तिचा पुरावा कोण मागतं?

बाजार भरला. गाडी मैदानावरच ठेवून आम्ही तक्ता आणि फ्रेमची पेटी घेऊन गावात बाजारात बसलो. माणसं येत राहिली. यांचं काम बोटांचं आहे. फ्रेमचा स्क्रू साखरेच्या दाण्याएवढा असतो, आणि तो हे गप्पा मारता मारता बसवतात. त्या दिवशी स्क्रू सारखा पडत होता. हे बोटं तोंडाशी नेऊन फुंकर घालत होते, बगलेत धरत होते. मी विचारलं तर म्हणाले, रात्री हातावर झोपलो असेन, मुंग्या आल्या आहेत.

संध्याकाळी हे कबड्डी बघायला गेले. मी गाडीतच थांबले. दार लावून वाचत पडले होते, आणि थोड्या वेळातच थंडी वाजायला लागली. बाजारातून परत आलो तेव्हा गाडी उबदार होती, आणि आता पत्रा गार, हवा गार, छातीत ओढ सुरू झालेली. मी रजई घेतली, पाण्याची पिशवी भरायला उठले. तेवढ्यात हे परत आले. मोरीकडून यांच्या टॉर्चचा उजेड दिसला आणि... कसं सांगू... चुलीजवळ सरकून बसावं तशी माझ्या बाजूने ऊब यायला लागली. यांनी दार उघडलं तेव्हा बाहेरची गार हवा आत यायला हवी होती. ती आली नाही.

मी हसत म्हटलं, "तुम्हीच माहे हीटर आहे वाटते."

हेही हसले. पण जॅकेट काढलं नाही, आणि माझ्या जवळ येऊन बसलेही नाहीत. आपल्या बर्थवर गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मी ताजीतवानी, श्वास मोकळा. हे मात्र उशिरापर्यंत उठले नाहीत. उठल्यावर चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसून राहिले, चहा न पिता. ओठ मला जरा काळपट वाटले. ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावायला गेले तर "काई नाई, काई नाई" म्हणत बाजूला झाले.

त्या दिवशी बाजार नव्हता, पण आदल्या दिवशीचे काही चष्मे द्यायचे राहिले होते, म्हणून आम्ही गावात बाजाराच्याच जागी जाऊन बसलो. पहिली आली रैनूबाई. गावातली जुनी गोंड बाई. आदल्या वर्षी आम्ही तिच्या मुलाला, मनकूला, चष्मा दिला होता. तेव्हापासून तिची ओळख. ती आली, चष्मा लावून घ्यायला खाली बसली. हे कानामागे दांडी नीट करायला वाकले. यांची बोटं तिच्या कानशिलाला लागली, आणि तिने चटकन मान मागे घेतली. मग तिने स्वतःच यांचा हात धरला. उलटा-सुलटा करून बघितला, जशी मी लोकांचे डोळे बघते तसा.

माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तुह्या मालकाचे हात काऊन असे?"

मी म्हटलं, थंडी आहे ना. ती म्हणाली, थंडी मलेही आहे. मग विचारलं, गाडी कुठे उभी करून राह्यले? हापशीजवळ, मोरीच्या पलीकडे, असं मी सांगितलं.  तिने नवा चष्मा काढून हातात घेतला.

"तिथी आम्ही दोघं झोपत नाई," ती म्हणाली. "एकटा माणूस झोपला त काई नाई होत. दोघं झोपले का एकाले ऊब लागते. दुसऱ्याची जाते."

मी विचारलं, कोण आहे तिथे? काय झालंय त्या जागेवर? माझ्या आवाजात जरा चेष्टा असावी. रैनूबाईने ती मनावर घेतली नाही. गाडी आत्ताच काढा, शाळेपाशी नेऊन लावा, सामने संपले आहेत, एवढंच तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. यांनी तिला बरं म्हटलं. ती गेल्यावर मी यांच्याकडे बघितलं. वाटलं, आता खेळ सुरू करतील – "यात काय झालं असेल, सांगू?" हे म्हणाले, "जेवून घेऊ अन् मग काढू गाडी."

जेवलो. दुपार होती, बाहेर लख्ख ऊन. हे म्हणाले, जरा पाठ टेकतो. मी भांडी आवरली, आणि आजारपणापासून दुपारी माझा डोळा लागतोच – मीही माझ्या बर्थवर आडवी झाले. पाच-दहा मिनिटं, असं ठरवून.

जाग आली तेव्हा सूर्य झाडांमागे गेला होता. गाडीत श्वास घेववत नव्हता, इतकं गरम. अंगातला ब्लाऊज ओला झालेला. ती गरमी बंद खोलीसारखी कोंदट नव्हती, कोणी अगदी जवळ बसून शेकावं तशी होती... आणि ती सगळी माझ्याच बाजूला होती. मी उठून यांना हलवलं. हात लावला आणि मागे घेतला. मी दवाखान्यांत वावरलेली आहे, थंड अंग म्हणजे काय ते मला माहीत आहे. हे तसं नव्हतं. विहिरीतून नुकत्याच काढलेल्या कळशीसारखं. चेहरा राखेच्या रंगाचा. श्वास होता, पण एक श्वास आला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. अंगावर माझी रजई घातली, हात चोळले, हाका मारल्या. डोळे उघडेनात.

मी दार उघडून ओरडले. हापशीवर मनकू होता. तो धावत आला, त्याच्या मागोमाग रैनूबाईही. मनकू शेकोटी पेटवायला निघाला, तर तिने त्याला थांबवलं. मला म्हणाली, "आग मंग, बाई. आधी इथून गाडी हालव."

गाडी नेहमी हे चालवतात. मला येते, पण ही मोठी गाडी मी गावाच्या रस्त्यावरच काय ती चालवलेली. चावी यांच्या खिशात होती, ती काढतानासुद्धा बोटांना गार लागली. मनकू माझ्या शेजारी बसला, रैनूबाई मागे यांचं डोकं मांडीवर घेऊन. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. समोरची काच आतून धुरकट, मनकू गमछ्याने पुसतोय, मी मोरीच्या दिशेने वळवलेली. मैदान संपेपर्यंत माझ्या पाठीवर ती ऊब होती. खांद्यांवर, मानेवर. मला ती नको होती आणि ती जात नव्हती.

मोरी ओलांडली, आणि ऊब गेली. हळूहळू नाही – अंगावरचं पांघरूण कोणी ओढून घ्यावं तशी. समोरची काच बघता बघता स्वच्छ झाली. माझ्या छातीत कळ आली आणि मी खोकायला लागले. इतकी खोकले की गाडी बाजूला घ्यावी लागली. स्टिअरिंगवर डोकं टेकून खोकत होते, तेव्हा मागून यांचा आवाज आला. जड, झोपेतल्यासारखा.

"वंदना, काच लाव. थंडी लागून राह्यली मले."

एकही काच उघडी नव्हती. मी रडत होते की हसत होते मला सांगता येत नाही. त्या दोन-तीन दिवसांत थंडी वाजते असं त्यांनी पहिल्यांदा म्हटलं होतं.

धानोऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी थर्मामीटर दोनदा लावला, मग दुसरा आणायला सांगितला. मला बाजूला घेऊन विचारलं, हे पाण्यात पडले होते का? रात्र उघड्यावर काढली का? दारू घेतात का? मी सांगितलं, दुपारी गाडीत झोपले होते, आत उकडत होतं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. त्यांची चूक नाही, मीही तसंच बघितलं असतं. गरम सलाईन, ब्लँकेटं, पायांशी गरम बाटल्या. हळूहळू चेहऱ्याला रंग आला. पुढे चंद्रपूरला सगळ्या तपासण्या झाल्या – साखर, थायरॉइड, हृदय, सगळं. काहीही निघालं नाही.

त्या संध्याकाळी रैनूबाई आमच्यासोबत दवाखान्यातच थांबली. व्हरांड्यात बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. या वेळी मी चेष्टा न करता विचारलं – तिथे कोणी मेलं होतं का? कुणाला पुरलंय का? तुमच्या कुठल्या देवाची जागा आहे का, आम्ही विटाळली का?

तिने मान हलवली. "कोणी मेला नाई, कोणी गाडला नाई. आमचे देव कुठी आहेत ते आमाले माईत आहे. ते तिथी नाई." मग म्हणाली, "ते जागाच तशी आहे, बाई. नदीत एखाद्या जागी भोवरा राह्यते का नाई, तशी."

तिचे वडील, आजोबा, सगळे हेच सांगत आले. आजूबाजूची पुंजणी राखायलाही तिथे कुणी जात नाही, गेला तर एकटा जातो. आई आणि लेकरू तर कधीच नाही. मी विचारलं, दोघांतली ऊब कोणाला लागणार आणि कोणाची जाणार, हे कशावरून ठरतं? "ते नाई सांगता येत," ती म्हणाली, आणि उठून यांच्या खोलीत डोकावून आली.

मी घरी आल्यावर पुष्कळ वाचलं. झोपेत शरीराचं तापमान उतरू शकतं. न्यूमोनियानंतर माणसाला उगाच गरम-गार वाटू शकतं. दोन वेगवेगळी कारणं, दोन वेगवेगळी माणसं, योगायोगाने एकाच गाडीत. इथवर मी स्वतःला पटवू शकते. पण थर्मामीटरला न्यूमोनिया झाला नव्हता. आणि एका बंद गाडीत, पाऊलभर अंतरावरच्या दोन बर्थपैकी एकावर घाम आणि दुसऱ्यावर ते... मी शिकलेल्या फिजिक्समध्ये उष्णता गरमाकडून गाराकडे वाहते. उलटी वाहायला कुणीतरी ढकलणारं लागतं.

हीटर आला. डिझेलचाच घेतला, मोठ्यातला. रहमानभाईंकडे गाडी लावली होती, ते खाली झोपून पाइप बसवत होते, आणि आम्ही दोघं समोरच्या टपरीवर चहा घेत बसलो होतो. यांची बोटं आता पूर्ववत झाली आहेत, स्क्रू पडत नाहीत. बोलता बोलता मी विचारलं, "तुम्हाले कधी समजलं होतं?"

हे कपात बघत म्हणाले, "पह्यल्याच सकाळी."

"मंग बोलले काऊन नाई?"

"तू खोकलली नाई त्या रात्री."

मी कप खाली ठेवला. मग विचारलं, तुम्ही काही मागितलं होतं का? मनात तरी काही आलं होतं?

"कोणाले मागू? तिथी कोणी नव्हतं," असं म्हणून हे उठले आणि टपरीवाल्याला कप द्यायला गेले. त्यानंतर हा विषय आमच्यात निघालेला नाही. जेवणानंतरचा तो खेळही आम्ही आता खेळत नाही.

रहमानभाईंनी हाक मारली. गरम हवेचं तोंड कुठे काढायचं ते दाखवा म्हणाले. एवढ्याशा गाडीला एक पुरे, मधल्या वाटेत काढतो. मी म्हटलं, दोन काढा, एकेका बर्थच्या खाली एकेक. त्यांनी समजावलं – भाभी, हवा काय, ती फिरतेच, दोघांनाही सारखीच लागते. मी म्हटलं, असू दे, तरी दोन काढा. त्यांनी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "ती म्हणते तसं करा."

या हिवाळ्यात आम्ही पुन्हा फिरतो आहोत. त्या गावातही जाऊन आलो, गाडी शाळेच्या आवारात लावली. पहाटे हीटरचा पंप गाडीखाली टकटक करत असतो आणि दोन्ही तोंडांतून सारखी हवा येते. मी हात लावून बघितलं आहे. मला अधूनमधून खोकला येतो. यांना थंडी वाजली की आता हे तसं सांगतात. त्या मैदानावर काय होतं, ते आम्हाला आजही माहीत नाही.